तीन ठोके, आणि मग एक

आपल्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि वाचून हसते, हे आधीच सांगून टाकते. पांढरं पातळ नेसलेली बाई, पिंपळ, अमावास्या, आपोआप विझणारा कंदील... भुतांना दुसरे उद्योग नाहीत का? माझा असल्या गोष्टींवर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग असताना कसली बाधा आणि कसलं काय, अशा घरात मी वाढले. तरी हे लिहायला बसले आहे. कारण माझा अनुभव भर दुपारी साडेतीनचा आहे, त्यात कुणी मेलेलं नाही, आणि गेली सहा वर्षं मला चारचौघांत "पार्वतीबाई, तो तुमचा भास होता" असं म्हणून गप्प बसवलं जातंय. मी गप्प बसणार नाही.

आमचं सोलापुरात नव्या पेठेत लुगड्यांचं दुकान. पूर्वी दुकानाच्या मागेच आमचं घर होतं. शेजारी गंगव्वा, तांब्यापितळेच्या दुकानवाल्यांची बायको, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिचं स्वयंपाकघर आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत. मी दुधनीहून लग्न होऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची होते, मराठी अडखळत बोलायची. आपल्या कानडी भाषेत बोलणारं माणूस त्या गल्लीत मला पहिल्यांदा भेटलं ते गंगव्वा.

आम्हा दोघींची एक खूण होती. शेंगाची चटणी कुटायचा लोखंडी बत्ता भिंतीवर मारायचा. दोन ठोके म्हणजे काहीतरी हवंय, माळवदावर ये. आणि तीन ठोके, थोडा दम, मग एक ठोका... म्हणजे हातात असेल ते टाकून ये. हे दुसरे ठोके आम्ही उगाच कधी मारले नाहीत. माझ्या सासऱ्यांना झटका आला तेव्हा मी मारले होते. तिच्या लुगड्यानं चुलीपाशी पेट घेतला तेव्हा तिनं मारले होते. त्या ठोक्यांना "का" म्हणून कुणी विचारत नसे, उठून पळायचं एवढंच.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली असतील. पेठेत पुन्हा प्लेगचे उंदीर पडायला लागले आणि आमच्या ह्यांनी ठरवलं की आता गावाबाहेर राहायचं. कंबर तळ्याच्या काठाला तेव्हा बंगले उठत होते. गिरणीतले अधिकारी, वकील, एकदोन डॉक्टर, आणि आमच्यासारखे दुकानदार, ज्यांना तिथले लोक तोंडावर "शेठजी" म्हणत आणि पाठीमागे काय म्हणत ते मला माहीत आहे. पेठेतलं आमचं घर दुकानाचं गोदाम झालं. गंगव्वाच्या भिंतीला लागून लुगड्यांचे गठ्ठे रचले गेले.

उगाच नावं ठेवणार नाही. तळं सुंदरच होतं. सकाळी कमळं उमललेली असायची, वारा असायचा, घरात नळ होता. माझा धाकटा पेठेत सदा खोकायचा, तो दोन महिन्यांत गुबगुबीत झाला. पण पेठेत माझी मुलं दुपारी कुणाच्या घरी जेवली ते मला संध्याकाळी कळायचं, आणि इथे शेजारच्या मुलाशी चेंडू खेळायचा तरी आधी विचारणा करावी लागे. बंगल्याला चारही बाजूंनी बाग, बागेला मेंदीचं कुंपण, कुंपणापलीकडे दुसऱ्याची बाग. मोठ्यांदा हाक मारणं गावंढळपणाचं. दुपारी एक ते पाच तर सगळी वसाहत अशी शांत की आपल्याच बांगड्यांचा आवाज नकोसा व्हायचा.

आमच्या पश्चिमेला गिरणीतल्या इंजिनियरसाहेबांचा बंगला. त्यांची बायको इंदूताई नागपूरकडची, विशीतली, पहिलटकरीण, घरात बाईमाणूस दुसरं नाही. राहायला गेल्यावर चौथ्या दिवशी मी वाटीभर शेंगाची चटणी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारातून सरळ आत गेले. पेठेत तसंच जातात. तिथे वसाहतीच्या कमिटीच्या सेक्रेटरीसाहेबांच्या पत्नी चहाला बसलेल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "पार्वतीबाई, इथे आधी चिठ्ठी पाठवतात हो. आणि बोलावल्याशिवाय पाचच्या आधी कुणी कुणाकडे जात नाही." इंदूताईंनी मान खाली घातली. मी वाटी तिथेच ठेवून परत आले. अंगाची नुसती आग झाली होती. घरी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मग खरंच आहे ते. आता तळ्यावर राहतो आपण, जरा रीत शीक."

शिकले. त्यानंतर मी आणि इंदूताई कुंपणावरून एकमेकींकडे बघायचो फक्त. तिच्या डोळ्यांखाली काळं आलेलं दिसायचं, पोट दिसायचं. दोघींनाही बोलायचं असायचं आणि दोघीही बोलायचो नाही.

आता तो दिवस. उन्हाळा लागला होता. मुलं जेवून झोपली होती. मी जेवणाच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून, सुपात गहू घेऊन निवडत बसले होते. समोरच्या घड्याळात साडेतीन वाजत होते. आणि माझ्या पाठीशी भिंतीवर ठोके पडले. तीन. थोडा दम. मग एक.

मी "आले गं!" म्हणून उठलेसुद्धा! गहू सगळे जमिनीवर. दारापर्यंत गेल्यावर मला आठवलं की या भिंतीपलीकडे कुणाचं स्वयंपाकघर नाही. पलीकडे बाग आहे.

मी बाहेर जाऊन बघितलं. पांढरी भिंत, तिच्यावर ऊन, खाली नुकतीच पाणी घातलेली माती आणि तिच्यावर एकाही पावलाचा ठसा नाही. मला भीती वाटली नाही, राग आला. कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं. मी भिंतीला हात लावला, आणि हाताखाली पुन्हा तेच. तीन, आणि मग एक. कानानं ऐकलं असं म्हणत नाही मी, तळहाताला लागलं. लोखंडी बत्ता भिंतीपलीकडून बसला की लागतो तसंच, आणि ते मी सोळा वर्षं अनुभवलेलं होतं.

तिथे उभी होते म्हणूनच मला तो वास आला. दूध करपल्याचा, इंदूताईंच्या स्वयंपाकघरातून. दूध कुणाचंही उतू जातं. पण उतू गेलं की बाई धावते. पार करपून धूर येईपर्यंत कुणी उतरवलं नाही, याचा अर्थ त्या घरात धावणारं माणूस नाही.

आणि खरं लिहायचं म्हणून लिहिते, एक क्षण मी थांबले. साडेतीनच वाजलेत, चिठ्ठी पाठवावी का, असा विचार माझ्या मनात आला. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. मग मी पदर खोचला आणि मेंदीच्या कुंपणातून सरळ घुसले.

इंदूताई न्हाणीघराच्या दाराशी पडलेली होती. पाय घसरून पडली होती, दिवस भरायला दीड महिना होता आणि कळा सुरू झालेल्या, जमिनीवर रक्त. डोळे उघडे होते, पण आवाज बसलेला. "किती हाका मारल्या..." एवढंच ती पुटपुटली. स्वयंपाकीण रजेवर, नवरा गिरणीत. अडीचपासून ती हाका मारत होती आणि त्या हाका त्या सुंदर बागेच्या बाहेर जात नव्हत्या. पेठेत तिनं नुसतं "आई गं" म्हटलं असतं तर पाच जणी येऊन उभ्या राहिल्या असत्या.

त्यांचा म्हातारा माळी मल्लप्पा, कानानं मंद, फाटकापाशी झोपला होता. त्याला मी हलवून उठवलं. "टांगा कर आणि लेडी डॉक्टरना घेऊन ये."

"साहेबास्नी इचारून येतो की बाई, गिरणीत जाऊन..."

"साहेबांना मी बघते. तू पळ!"

मला वाटतं त्या वसाहतीत तोवर कुणी इतक्या मोठ्यांदा ओरडलं नसेल. लेडी डॉक्टर आल्या, मी इंदूचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दिवेलागणीला मुलगी झाली, मूठभर, पण रडली. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या, "आणखी अर्धा तास गेला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या."

ठोके इंदूनं मारले असतील असं तुमच्या मनात येईल. तिला उठून बसताही येत नव्हतं, तिचं घर माझ्या भिंतीपासून चाळीस पावलं दूर, आणि तीन-आणि-एकची खूण तिला कुठून ठाऊक असणार?

पाचव्या दिवशी मी बाळंतशेपा आणि डिंक आणायला पेठेत गेले आणि सगळ्यात आधी गंगव्वाकडे शिरले. ती चटणी कुटत बसली होती. मी सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा बत्ता थांबला.

"कदी गं हे?"

"सोमवारी. दुपारी साडेतीनला."

तिनं बत्ता मधल्या भिंतीकडे दाखवला. "म्याच मारलं की ठोकं," ती म्हणाली. "हितं. ह्या भितीवर. सवय हाय न्हवं... इसरलेच तू गेलीस ते."

मी तशीच उठून पलीकडे गोदामात गेले. आमचे दिवाणजी तिथे असतात. त्यांना काहीही न सांगता विचारलं, सोमवारी दुपारी काही ऐकलंत का? ते म्हणाले, "होय की वहिनी. भिंतीवर कुणीतरी दणके देत होतं. तीन दिले, मग एक. पुन्हा तसेच. गठ्ठ्यांवर माती पडली, मीच झाडली."

नव्या पेठेतून कंबर तळं पावणेदोन मैल. मधे बाजार, टांगे, गिरणीचे भोंगे.

आता वसाहतीतल्या शहाण्यांचं ऐका. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, पाण्याच्या पंपाचा आवाज असेल. पंप सकाळी चालतो. कुणी म्हणालं सुतारपक्षी. सुतारपक्षी चुन्याच्या भिंतीवर काय शोधतो? सेक्रेटरीबाई म्हणाल्या, नवीन जागी बायका जरा नर्व्हस होतात. आमच्या ह्यांनी तर परीक्षाच घेतली. दिवाणजींना ठरल्या वेळी पेठेतल्या भिंतीवर बत्ता मारायला सांगितलं, आणि इकडे चार सभ्य गृहस्थ आमच्या जेवणाच्या खोलीत खिशातली घड्याळं काढून कान देऊन बसले. काही ऐकू आलं नाही. मलाही नाही आलं. "झालं समाधान?" हे म्हणाले. मी म्हटलं, "तुमचं झालं असेल. दिवाणजींना माझ्याशी काय काम होतं?"

मी कुंपणातून घुसले तिथे मेंदी मोडली होती. ती मी पुन्हा लावू दिली नाही. कमिटीचं पत्र आलं, वसाहतीच्या शोभेला बाधा येते म्हणून. मी उत्तर पाठवलं की शोभा तळ्याला भरपूर आहे. दुसरं पत्र आलं, ते मी इंदूला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या फटीतून सहा वर्षं वाट्या जातात, मुलं जातात, आणि हल्ली तिसऱ्या बंगल्यातल्या वकिलीणबाईही पाचच्या आधी येतात. हे आधी कुरकुरले, आता तेही त्याच वाटेनं पेपर मागायला जातात.

गेल्या महिन्यात इंदूची मुलगी शाळेत जायला लागली. त्या दिवशी इंदूनं हट्टानं गंगव्वाला टांगा पाठवून बोलावून घेतलं. सहा वर्षांत ती तळ्यावर कधी आली नव्हती, "तितं माझं काय काम?" म्हणायची. थकली आहे आता. जेवण झाल्यावर मी तिला फटीतून आमच्या बागेत आणलं.

"हीच व्हय ती भित?" तिनं विचारलं.

"हीच."

तिनं भिंतीवर हात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पारव्वा, तवा मी खोटं बोलले बघ. मी इसरले न्हवते."

"काय विसरली नव्हतीस?"

"तू गेलीस ते. पलीकडं नुसतं गठ्ठं हायती, ठावं होतं की मला."

"मग ठोके कशाला मारलेस? तेही हातातलं टाकून ये म्हणून? काय काम होतं?"

"एनू इल्ला," ती म्हणाली. आमच्या भाषेत याचा अर्थ काही नाही. "लई करमंना बघ त्या दिवशी. तू न्हाईस म्हाईत हाय, तरी म्हटलं मारून बघू. कोन इचारतंय?"

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. "ऐकलं गं मी," एवढंच म्हटलं.

पलीकडे आपलं कुणी नाही हे पुरतं ठाऊक असलेल्या भिंतीवर एका बाईनं ठोके मारले, ते पावणेदोन मैलांवर दुसऱ्या भिंतीत आले, आणि तिसऱ्याच घरातल्या दोघी जगल्या. याचा उलगडा मला झालेला नाही आणि होईल असं वाटत नाही. भास होता असं मात्र मला कुणी सांगू नये. ज्यांना खरोखर उलगडा झाला असेल त्यांनी घरी येऊन सांगावा. चिठ्ठी पाठवू नये, पाचची वाट बघू नये, फाटकातूनही येऊ नये. कुंपणाला फट आहे, तिथून यावं.