उंदीरमामांचा दोन दिवसांचा नियम

नुसतं नाक ओढलं तरी उंदीरमामा दारातून परत पाठवायचे. आमच्या मोठ्या मॅडमनासुद्धा. "आधी बऱ्या व्हा, मग या," एवढंच म्हणून दार लावून घ्यायचे. मी डोंबिवलीहून धापा टाकत यायचे आणि एका शिंकेपायी अख्खा दिवस फुकट जायचा. असा राग यायचा म्हणून सांगू!

पण उंदरांची ती खोली मामाच सांभाळायचे, म्हणून तर सगळे त्यांना उंदीरमामा म्हणायचे. आमच्या ठाण्याच्या प्रयोगशाळेतले ते पांढरे उंदीर जन्मापासून प्रतिकारशक्ती नसलेले, साध्या सर्दीनेही मरायचे. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशंटच्या पेशी आम्ही त्यांच्या शेपटीच्या शिरेतून सोडायचो. त्या रुजल्या, उंदीर आजारी पडला, की त्याला एकेक औषध देऊन कोणतं लागू पडतं ते बघायचं. पिंजरे, भुसा, पाणी सगळं मामाच बघायचे. हॉस्पिटलात पाऊल टाकलेल्या माणसाला दोन दिवस खोलीत प्रवेश नाही, हा नियमही त्यांचाच. कळव्याच्या आगरी घरातला माणूस, पण सख्ख्या पुतण्याच्या हळदीला गेले नाहीत. एवढ्या गर्दीतून अंगावर काय घेऊन येईन, म्हणाले. भावकीने नावं ठेवली ती ठेवलीच.

मग मामींनाच तो आजार झाला. एकही औषध लागू पडेना, तेव्हा त्यांच्या पेशी आमच्याकडे आल्या. कोणतं औषध चालेल ते किती दिवसांत कळेल, असं मामांनी मला विचारलं. पेशी नुसत्या रुजायलाच दोन-तीन महिने जातात हे मला पक्कं माहीत होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"महिन्याभरात, मामा," मी म्हणाले.

माझी जीभ कशी झडली नाही तेव्हा. त्या दिवसापासून मामा हॉस्पिटलात गेलेच नाहीत. लेक मामींजवळ आणि मामा उंदरांजवळ. दुपारी बाहेर येऊन फोनवर जेवलीस का विचारायचे, की परत गाऊन चढवून आत. सहाव्या आठवड्यात मामी गेल्या. फोन आला तेव्हा ते पिंजरे बदलत होते.

दिवसकार्य उरकून मामा कामावर आले. तिसऱ्या महिन्यात मामींच्या पेशी रुजल्या, उंदीर आजारी पडले, आणि एक औषध चक्क लागू पडलं. पोक काढून कोपऱ्यात बसलेले उंदीर पुन्हा हिंडायला लागले. मामा काचेशी उभे राहून बघत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, मामा, मी खोटं बोलले होते, महिन्यात काहीच कळणार नव्हतं.

"मना ठावं होतं, बाय," ते शांतपणे म्हणाले. "पंधरा वर्सं पिंजऱ्यांवर तारखा मीच लिवतो."

मग मामींकडे गेला का नाहीत, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

मामांनी काचेवरून नजर काढली नाही.

"ती बाजूच्या खाटेवरच्या बाईला सांगायची, माझा नवरा माझं औषध शोधतोय. मी उशाशी जाऊन बसलो असतो, तर तिला कललं असतं, आता काय उरलं नाय."