रूपरावचा मधला स्पोक

सिंदी मेघेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी रूपरावचं गॅरेज आहे. टिनाचं छप्पर, एक बाकडं आणि खिळ्याला टांगलेले जुने टायर. तीस वर्षं त्याचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं. मोटारसायकल सुरू करायची, डोळे मिटायचे, मान जरा डावीकडे कलती करायची आणि नुसत्या आवाजावर कार्बोरेटर लावून द्यायचा. लोक ते पाहायला थांबत.

गेल्या दिवाळीनंतर त्याचे कान जाऊ लागले. मी त्याला दोनदा दवाखान्यात नेलं होतं, म्हणून मला माहीत. उजवा गेलाच आहे, डावा दोन-तीन महिने साथ देईल, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर रूपराव एवढंच बोलला, "भाऊ, कोनाले सांगू नका. कान गेला म्हनून समजलं, तं कोन येते माह्याकडे?"

इंजिनाचा वेग दाखवणारं विकतचं मीटर त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. मग त्याने स्वतःच एक बनवायला घेतलं. लाकडी ठोकळ्यात सायकलचे तीन स्पोक ओळीने रोवले, एकापेक्षा एक आखूड. ठोकळा ट्यूबच्या रबराने इंजिनाच्या गार्डला बांधायचा. इंजिन ज्या वेगाने थरथरतं, त्या वेगाचा एकच स्पोक जोरात हलतो आणि त्याचं टोक पंख्यासारखं पसरतं. इंजिन मंद असेल तर लांब स्पोक, जास्त पळत असेल तर आखूड. मधला पसरला की काम झालं.

अडचण होती ती मधल्या स्पोकची. आधी इंजिन कानाने बरोबर लावायचं, मग त्याला जुळेपर्यंत स्पोक कानशीने कणाकणाने घासायचा. जरा जास्त घासला की वाया. आणि ज्या कानाच्या भरवशावर हे चाललं होतं, तो रोज थोडा थोडा बंद होत होता. सात स्पोक फुकट गेले, आठवा जुळला. त्याच आठवड्यात डावा कानही गेला. समोरचा माणूस तोंडाकडे पाहून बोलला, तर ओठांवरून त्याला समजे, तेवढंच.

मार्चमधल्या एका सकाळी मी गॅरेजात बसलो होतो, बाकावर आणखी दोघे होते. आंजी गावचे जुने गिऱ्हाईक बबनराव वर्ध्याच्या बाजारात भाजी उतरवून मोटारसायकलवर आले. रूपरावची त्यांच्याकडे पाठ होती. त्यांनी हॉर्न दिला. पुन्हा दिला. बाकावरचे दोघे वळले, रूपराव नाही. मी उठून त्याच्या खांद्याला हात लावला.

"काऊन गा रूपराव? हॉर्न देऊन देऊन बॅटरी उतरली माही!" बबनराव त्याच्यापुढे येऊन म्हणाले. "सासुरवाडीचं सपन पाहून राह्यला का?"

रूपराव हसला. मोटारसायकल सुरू करून तो ठोकळा बांधू लागला.

"हे काय लावलं? अँटिना?" बाकावरचा एक जण म्हणाला आणि दोघे खिदळले. बबनराव हसले नाहीत. रूपरावच्या चेहऱ्याकडे रोखून पाहत सावकाश म्हणाले, "हे ठेव तिकडं. कार्बोरेटर पह्यल्यासारखा लाव ना, डोये मिटून."

रूपरावने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याने ठोकळा खाली ठेवला, मान डावीकडे कलती केली आणि डोळे मिटले.

स्पोक वाकवून, रबराची मूठ बसवून केलेला त्याचा लांब पेचकस होता. तो त्याने हवेच्या स्क्रूवर टेकवला. अर्धा फेर. आणखी थोडा. इंजिन अडखळलं. त्याने स्क्रू त्याच बाजूला फिरवला. इंजिन दोनदा धपापलं आणि बंद पडलं.

पेचकस फिरतच राहिला.

दोन-तीन सेकंदच असतील. रबराच्या मुठीतून इंजिन बंद पडल्याचं हाताला लगेच कळलं नसावं. मग त्याने दुसरा हात टाकीवर ठेवला आणि डोळे उघडले. बाकावर आता कोणी हसत नव्हतं.

"ऐकू येत नाई मले," रूपराव म्हणाला. आवाज गरजेपेक्षा मोठा होता. "महिना झाला. गाडी न्यायची असन तं न्या."

बबनराव गाडीजवळ आले. हँडलला हात घातला. मला वाटलं, निघाले. त्यांनी वाकून खालचा ठोकळा उचलला आणि रूपरावपुढे धरला.

"मंग हे काऊन केलं? लाव."

रूपरावने ठोकळा गार्डला बांधला, किक मारली आणि स्क्रू फिरवू लागला. लांब स्पोक पसरला, मग आखूड, पुन्हा लांब. रूपरावचं कपाळ घामाने भिजलं होतं. शेवटी मधल्या स्पोकचं टोक पसरलं आणि तसंच राहिलं. बबनरावांनी मान कलती करून इंजिन ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग रूपरावच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "बराबर हाय."

बातमी दोन दिवसांत पसरली. काही गिऱ्हाईकं पुन्हा आली नाहीत, ती आजही येत नाहीत. गॅरेजच्या खांबावर मात्र आता एक पाटी आहे. त्याच्या मुलीने, काजलने, लाल रंगात लिहिलेली: 'हॉर्न देऊ नये. समोर येऊन बोलावे.' पाटीखालच्या खिळ्याला तो ठोकळा टांगलेला असतो, येणाऱ्याला दिसेल असा.