स्केटपार्कातलं पाणी

सकाळी साइटवर पोचले, तर माझ्या स्केटपार्कात मेंढ्या पाणी पीत होत्या.

मी सिव्हिल इंजिनिअर. नारायणगावात ऑफिस. तोवर पाण्याच्या टाक्या आणि शेततळी बांधण्यातच हयात गेली होती. दोन हजार सालानंतरची गोष्ट. ओतूरजवळच्या एका गावात ट्रॅक्टर गॅरेजवाला नीलेश आणि त्याचे सात-आठ मित्रमैत्रिणी स्केटबोर्डच्या, म्हणजे चाकं लावलेल्या फळीच्या, नादी लागले होते. हायवेवर खेळायचे. त्यातली एक ट्रकखाली येता येता वाचली, तेव्हा ग्रामपंचायतीनं स्केटपार्कला, म्हणजे ही फळी चालवायच्या मैदानाला, जागा दिली आणि काम माझ्याकडे आलं.

मधोमध बाऊल होता. बाऊल म्हणजे गुळगुळीत काँक्रीटचा मोठा खोलगट खड्डा. एका बाजूनं उतरायचं आणि त्याच वेगात समोर चढायचं. ताज्या काँक्रीटला पाणी पाजावं लागतं, नाहीतर तडे जातात. त्याला क्युरिंग म्हणतात. मी टाकी बांधणारी बाई. टाकीसारखंच केलं. तळाच्या पाइपात बोळा कोंबला आणि कॅनॉलला पाणी होतं तेव्हा बाऊल भरून घेतला.

ऐन वैशाखातलं गाव आणि समोर एवढं पाणी! बायका धुणं घेऊन आल्या. मेंढ्यांचे मालक धोंडीबामामा उथळ कडेला टेकून बसले. पाण्यात डोंगर उलटा हलत होता. मला वाटलं, राहू दे असंच. खरंच वाटलं.

क्युरिंग संपलं आणि सरपंच आडवे आले.

"मॅडम, पाणी सोडायचं न्हाई. टाकी लई झ्याक झालीय."

"अहो, ही टाकी नाही, स्केटपार्क आहे."

"पाणी धरतंय ना? मग टाकीच की."

नीलेशचा चेहरा उतरला. "मॅडम, आमी परत हायवेवर जायाचं का आता?"

सरपंचांचा मला राग आला. मामांचा मात्र येईना. मेंढ्यांना तहान होतीच की. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"मामा, मेंढ्यांना पाणी लागतं तरी केवढं?"

"प्यायापुरतं. त्यास्नी काय पोहायचं हाय व्हय?"

मग गाडी रुळावर आली. पाइप उताराच्या अंगाला निघत होता. त्याच्या तोंडाशी लांबट हौद बांधायचा. हौद भरून उरेल ते पाणी खालच्या विहिरीत सोडायचं. पुढं विहिरीवरून हौद भरत राहायचं सरपंचांनी कबूल केलं, पण आधी हौद दाखवा म्हणाले. नीलेशच्या मंडळींनी स्वतः वाळू-सिमेंट कालवलं. हौद वाकडा झाला. मेंढ्यांनी तक्रार केली नाही.

मग एका सकाळी बोळा काढला. पाणी हळूहळू उतरलं, त्याबरोबर डोंगरही गेला. बायका तोवर काठावरून हलल्या नाहीत. मलाही कसंतरीच झालं.

संध्याकाळी कोरड्या बाऊलमध्ये नीलेश उतरला. चाकांचा बारीक घरघर आवाज. सकाळी जिथं आभाळ होतं तिथून तो अलगद वर आला, काठाशी क्षणभर थबकला आणि परत खाली गेला. पुन्हा वर. सरपंचसुद्धा काठाशी येऊन वाकून बघायला लागले. धोंडीबामामा हौदाशी मेंढ्यांना पाणी पाजत होते. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं.

"पाणी गेलं," ते म्हणाले, "पन पोरगं अजून तरंगतंय."

आता कुठलंही ड्रॉइंग करायला घेतलं, की पाणी कुठं जाणार ते मी आधी काढते. बाकीचं मागाहून.