कन्हानच्या तंबूतला हिरवा माणूस

चंद्रभानला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि नऊ वर्षं तो कन्हानच्या बाजारात लोकांना इंग्रजी पिक्चर समजावून सांगत होता. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्याला तर मुळीच नाही.

त्रेसष्ट साली तो भैय्याजींच्या तंबू टॉकीजमध्ये लागला. आठवडी बाजाराच्या दिवशी तंबू पडायचा. खाणीतले मजूर पुढं जमिनीवर, बाया कनातीच्या पलीकडं, आणि पडद्याच्या कडेला रॉकेलच्या खोक्यावर पत्र्याचा भोंगा घेऊन चंद्रभान. इंग्रजी पिक्चर असला की असा एक सांगणारा ठेवावाच लागे, नाहीतर पब्लिक तंबूच्या दोऱ्या सोडायला उठे. भैय्याजींनी कुणाच्या तरी अडगळीतून अशाच एका पिक्चरची जुनी प्रत कायमची उचलून आणली होती. दुसऱ्या ग्रहावरून तबकडीत बसून एक जण पृथ्वीवर येतो, त्याला कपाळाच्या मधोमध एकच डोळा. एकूण पाच रिळं. पहिली नावाची पाटी आणि शेवटची 'दी एंड'ची पाटी केव्हाच झिजून गेलेली.

"भैय्याजी, हा काय म्हणून राहिला?" चंद्रभाननं पहिल्या दिवशी विचारलं.

"तुले जे वाटते ते म्हणून राहिला. सांग बेधडक."

मग काय! पिक्चर काळापांढरा, चंद्रभाननं तो माणूस हिरवा करून टाकला, कोवळ्या गव्हासारखा. त्याला घरी बायको दिली. एवढं जमलं, पण चौथं रीळ संपता संपता शिपायांनी त्या माणसाला जाळून मारलं, आणि पाचवं रीळ सुरू झालं तर हा आपला ठणठणीत, चालत तबकडीकडं निघालेला. चंद्रभान गडबडला.  भोंग्यातून त्याच्या तोंडून निघून गेलं, "मेला म्हणता? तो तिकडचा आहे गा. आपल्या आगीनं मरते थोडाच. घरी चालला तो. बायको दारात उभी राहून वाट पाहून राहिली."

तबकडी वर गेली. ज्यांच्या घरचा माणूस खाणीत उतरून परत वर आला नव्हता, अशा तीन-चार बाया कनातीमागं होत्या. त्या किती रडल्या हे सगळ्या कन्हाननं ऐकलं. पुढच्या बाजाराला तोच पिक्चर लावा म्हणून लोक भैय्याजींच्या मागं लागले.

वस्तीतल्या पंचफुलानं तो अकरा वेळा पाहिला. आईला सांगायची, कांदे आणायला चालली. त्या वर्षी त्यांच्या घरात खाटेखालीसुद्धा कांदे होते, आणि आईला अख्ख्या वस्तीनंतर कळलं. पासष्टला चंद्रभानशी लग्न ठरलं तेव्हा मावशीनं विचारलं, "पोरगा करते काय वं?"

"बोलते," पंचफुला म्हणाली.

पांढऱ्या साडीत, बुद्धाच्या तसबिरीपुढं लग्न लागलं. पुढं एकाहत्तरला तंबू बंद पडला. चंद्रभान नागपुरात इंदोऱ्याला राहायला आला, हिंगण्याच्या कारखान्यात लागला. कंपनीच्या बसमध्येही त्याच्या शेजारची जागा धरायला भांडणं व्हायची, कारण तो हिरव्या माणसाची गोष्ट सांगायचा. लेक नीला तर ती ऐकल्याशिवाय झोपायची नाही.

एकोणऐंशीला चंद्रभानच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खर्ऱ्यातल्या तंबाखूला दोष दिला आणि आवाज काढून घेतला. गळ्यात एक भोक राहिलं, त्यावर फडकं, आणि हातात नीलाची शाळेतली पाटी. पंचफुलाला वाचता येत नव्हतं. ज्या बाईनं आवाजाशी लग्न केलं, तिच्या घरात आता भांडी तेवढी वाजायची.

नीलाचा नवरा ओमप्रकाश कोराडीच्या वीज केंद्रात ज्युनिअर इंजिनिअर. पोरगा चांगला, पण इंग्रजी पिक्चर पाहून पाहून जरा शहाणा झालेला. सुट्टीच्या दिवशी जेवायला आला की सासऱ्याची फिरकी घ्यायचा.

"मामाजी, राग नका मानू, पण ते जुने पिक्चर आता पाहवत नाही. तवा तुमी जवान होते, म्हणून चांगले वाटले."

चंद्रभाननं पाटीवर लिहिलं, 'पिक्चर चांगलाच होता.'

दुसऱ्या रविवारी तोच वाद. पाटी तीच. नीला हसायची, पण चंद्रभानला हसू येईना. आवाज गेला तो गेला. निदान आपण ज्याच्याबद्दल बोललो, ती चीज खरी होती एवढं तरी उरावं, असं त्याला वाटे. पिक्चरच फालतू निघाला तर आपल्या हाती राहिलं काय?

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात ओमप्रकाश पेपर घेऊन आला, जाहिरातीत कपाळावर एकच डोळा असलेला माणूस. सदरमधल्या एका टॉकीजला रविवारी सकाळच्या खेळाला तोच पिक्चर लागला होता. चंद्रभाननं इस्त्रीचा शर्ट काढला. पंचफुलानं, बऱ्याच दिवसांनी, डोक्याला तेल लावून अंबाडा घातला.

टॉकीज कॉलेजच्या पोरांनी भरली होती. तबकडी उतरली तशी पोरं ओरडली, "अबे, धागा दिसून राहिला!" चंद्रभाननं पाहिलं. धागा होता. तंबूचा पडदा मळका, म्हणून तिथं कधी दिसला नव्हता. ओमप्रकाश वाकून हळूच अर्थ सांगत होता. हिरव्या माणसाला बायको नव्हती. तो म्हणत होता, तुमची शहरं जाळीन.

मध्ये एकदा तो एक डोळा सरळ समोर पाहतो, मिनिटभर, काही न बोलता. तेव्हा मात्र अख्खी टॉकीज चूप झाली. एकही पोरगं हसलं नाही. चंद्रभानला आठवलं, याच ठिकाणी तो तंबूत सगळ्यात जास्त बोलायचा.

मग तो माणूस चालत तबकडीकडं गेला आणि उडाला. चंद्रभान दचकला. इतक्या लवकर? पुढं शहर जळलं, शिपाई आले, त्यांनी त्याला जाळला, आणि पडद्यावर शेवटची पाटी आली. चंद्रभान तिच्याकडं पाहत राहिला. भैय्याजींच्या शेवटच्या दोन रिळांच्या डब्यांची झाकणं अदलाबदल झालेली होती. नऊ वर्षं शेवटचं रीळ आधी लागत होतं. मेलेला माणूस कधी उठलाच नव्हता.

दिवे लागले. पोरं उठली. पंचफुला बसूनच.

"अजी, बाकीचा काहून नाही दाखवत?"

गेटकीपर दार उघडता उघडता म्हणाला, "खतम झाला, माय."

"नाही झाला बा. तो घरी जाते अजून." तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "सांगा ना जी यायले."

चंद्रभाननं तोंड उघडलं. गळ्यावरचं फडकं तेवढं हललं. त्यानं पाटी घेतली, लिहिलं आणि ओमप्रकाशच्या हाती दिली. 'रिळं उलटी लागत होती. तो मरतेच. मी चुकीचं सांगत होतो. तिले सांग.'

ओमप्रकाशनं वाचलं. आज वाद तो जिंकला होता. त्यानं सासऱ्याकडं पाहिलं, मग सासूकडं. मग शर्टाच्या बाहीनं पाटी पुसून टाकली.

"मामीजी, मामाजी म्हणून राहिले, एक रीळ हरवलं यायचं."

"मंग बरोबर," पंचफुला म्हणाली. तरी ती उठली नाही. तिनं चंद्रभानचा हात धरला. "हरवलंच ना जी?"

नऊ वर्षं तो शेवट नकळत खोटा सांगत आला होता. आता पहिल्यांदा, समजून उमजून, त्यानं होकाराची मान हलवली. पंचफुला उठली आणि त्याचा हात धरून जिना उतरायला लागली.