सून कुणाकडे राहिली

परदेशी माणूस आपल्या घरी मुक्कामाला आला की ते सरकारला कळवायचं असतं, आणि ते त्या माणसाने नाही, घरवाल्याने कळवायचं असतं, हे मला साठी उलटून गेल्यावर कळलं. तेही ठाण्याच्या एका सरकारी कार्यालयात, डोक्यावरचा पंखा बंद असताना. त्या ज्ञानापायी माझी एक नणंद आणि एक दीर आता माझ्याशी बोलत नाहीत. खरं सांगायचं तर त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. वाईट वाटायलासुद्धा अंगात जोर लागतो.

गणपतीनंतर ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मुलगा परदेशात. रजा काढून आला, रजा संपली तसा परत गेला आणि मग रोज फोनवर उंटावरून शेळ्या हाकू लागला. "आई, त्यांना बसवून भरव. आई, कूस बदलत राहा." कूस बदलायला एक माणूस पुरत नाही हे त्याला तिथून दिसत नव्हतं. त्याच्या बायकोला मात्र दिसलं असावं. ती तिकडचीच, लग्नही तिकडेच झालेलं. कामही कॉम्प्युटरवरचं, कुठूनही करता येणारं. दोन बॅगा घेऊन ती ठाकुर्लीला आमच्या दारात उभी राहिली आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाली, "आई, बाबा चालतात, मग मी जाते."

माझ्यासमोर हे हट्ट करायचे. उठा म्हटलं की डोळे मिटून घ्यायचे. तिने काखेत हात घातला की मुकाट्याने उभे राहायचे. सुनेपुढे लाज वाटत असेल, नाहीतर तिचं मराठी ऐकून दया येत असेल. "बाबा, चला, चहा गॅलरीत आहे," असं ती म्हणायची आणि चहा खरोखरच गॅलरीत नेऊन ठेवायची. दिवाळीत माझा नवरा एकदाचा त्या चहाशी पोचला. मी ओट्याशी तोंड करून रडून घेतलं.

आमच्या घराण्यात नव्या सुनेला नातेवाइकांनी आपापल्या घरी राहायला न्यायचं असतं. नुसतं जेवायला बोलावलं तर कमीपणा. हिचं ते सगळं राहिलेलंच होतं. भाऊबीज होते न होते तोच कल्याणची नणंद तिला घेऊन गेली. "आम्ही काय परके?" म्हणून ठाण्याचा दीर रुसला आणि तिला तिथूनच परस्पर आपल्याकडे घेऊन गेला. ओट्या भरल्या, साड्या नेसवल्या, फोटो घरच्या ग्रुपवर आले. एका फोटोत ती नणंदेचा गाऊन घालून, झोपाळलेल्या डोळ्यांनी, नणंदेच्या खिडकीत चहा पीत होती. खाली लिहिलेलं, 'सूनबाई आमच्याकडे रमल्या!'

ती रमली होती त्या दिवसांत ह्यांना कोण उचलतं, हे एकानेही विचारलं नाही. मीच उचलत होते. एकदा आम्ही दोघंही पलंग आणि भिंतीच्या मधे खाली बसलो ते वॉचमन वर येईपर्यंत तसेच बसून राहिलो. असतील शिते तर जमतील भुते म्हणतात. आमच्याकडे शिते नव्हती, बेडपॅन होतं.

संक्रांत झाली आणि सुनेच्या व्हिसाची मुदत संपत आली. वाढवून मिळाली नाही तर तिला जावं लागणार, आणि हे अजून गॅलरीच्या पुढे गेले नव्हते. अर्जाला पत्ता कळवल्याचा पुरावा हवा होता. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, "काकू, भाडेकरू असेल तर बोला. सुनेचं आमच्याकडे काय नसतं." मुलगा म्हणाला, "ते तिथलं तूच बघ." अशा टोलवाटोलवीत मी तिला घेऊन ठाण्याला पोचले.

तिथले साहेब बिचारे सभ्य होते. "ज्या घरात झोपल्या, त्या घरवाल्याने कळवायचं," ते म्हणाले.

"अहो, सून आहे माझी. पाहुणी नाही."

"पासपोर्ट परदेशी आहे ना? मग झालं. अजून कुठे राहिल्या?"

मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "कल्याण. मग ठाणे. खूप जेवण." साहेब हसले. उशीर का झाला ते लिहून तिन्ही घरांनी आता तरी कळवा, म्हणाले.

आमचं मी त्याच दिवशी कळवलं. घर ह्यांच्या नावावर, म्हणून नाव ह्यांचं घातलं. मग कल्याणला फोन लावला.

"वहिनी, ती आमच्याकडे राहिली कुठे?" नणंद म्हणाली. "जेवायला आलेली ती!"

"तुझा गाऊन घालून?"

"हे बघ, पोलिसांच्या भानगडीत आमचं नाव नको. ह्यांना चालायचं नाही."

ठाण्याच्या दिरानेही कानांवर हात ठेवले. "वहिनी, मुलाच्या पासपोर्टचं काम चाललंय. तुमच्याकडेच होती असं लिहा ना. कोण बघायला येतंय?" संध्याकाळपर्यंत ग्रुपवरून फोटो गायब झाले. माझ्या फोनमध्ये ते आधीच उतरले होते, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्या सगळ्या रात्री ती माझ्याकडेच होती असं लिहिणं सोपं होतं. पण ती ऑफिसात खरं बोलून बसली होती, आणि तिला खोटी पाडून मला ह्यांची सख्खी माणसं सांभाळायची नव्हती. मी साहेबांना दोन्ही पत्ते दिले, फोटो दाखवले.

नणंदेचा फोन आला. "सख्ख्या नणंदेच्या दारात पोलीस पाठवलास!"

"पोलीस तरी आले," मी म्हणाले. "तू उद्या दुपारी ये. दादाला अंघोळ घालायचीय."

तिने फोन ठेवला. ती आली नाही.

मुदत वाढून मिळाली, पण त्याआधी चौकशीला एक हवालदार आमच्याकडेही आला. सुनेने ह्यांना धरून बाहेरच्या खोलीपर्यंत चालवत आणलं आणि खुर्चीत बसवलं. इतकं लांब ते पहिल्यांदाच आले होते. हवालदार पाणी प्यायला, त्याने पासपोर्ट बघितला, घर कोणाचं ते विचारलं. मग वर न बघताच म्हणाला, "या मॅडम इथे असेपर्यंत यांची जबाबदारी कोणाची?"

मी उत्तर द्यायला पुढे झाले, तर ह्यांनी डावा हात वर केला. तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताणल्या. इतके महिने नुसते आवाज निघत होते त्या तोंडातून शब्द आला.

"माझी."

हवालदाराने लिहून घेतलं, नमस्कार केला आणि तो गेला. हे घामाने भिजले होते, मान खुर्चीवर कलली होती. परत चालायचं त्राण उरलं नव्हतं. मग सुनेने काखेत हात घातले, मी पाय धरले, आणि आम्ही दोघींनी त्या जबाबदार माणसाला उचलून पलंगावर नेऊन ठेवलं.