चार ते सहा वयोगट

नवं खोकं फोडताना येणारा पुठ्ठ्याचा वास मला अजून सोसत नाही. घटस्फोटानंतर मुलगी आईबरोबर करंजाड्याला राहायला गेली, तेव्हा ती सहाची होती. मी पावण्याच्या एमआयडीसीत रविवारीसुद्धा ओव्हरटाइम करायचो. पुढे भेटणं फारच कमी झालं, म्हणून दर महिन्याला घरपोच येणाऱ्या खेळांच्या खोक्याची मी तिच्यासाठी वर्षाची वर्गणी भरली. फोनवर ती दर वेळी म्हणायची, "बाबा, मस्त आहे." पाचवं खोकं आलं त्या आठवड्यात मी गेलो, तर ती फरशीवर बसून जाडजूड लाकडी मणी दोरीत ओवत होती. तिची आई हळूच म्हणाली, "फॉर्मवर वय चार ते सहा टाकलंस तू. आठ पुरी झाली तिला." मी घाईघाईने मोबाइल काढला. "थांब, आत्ता बदलतो." मुलीने माझं मनगट धरलं. "राहू दे ना बाबा. बदलताना यायचंच बंद झालं तर?" मी तिच्याशेजारी बसून मणी ओवत राहिलो. आता ती कॉलेजात जाते, आणि कुणी तिचं वय विचारलं की मी आधी मनातल्या मनात मोजतो.