भुरकाबाई आणि डोंगरावरची कॉफी

कॉफीच्या वखारीत सगळे त्यांना भुरकाबाई म्हणत आणि त्यांना त्याचा राग येत नसे. येणार कसा? भुरका मारण्याचाच तर त्यांना पगार मिळत होता. गोल टेबलावर वाट्या मांडलेल्या असत. जाडसर दळलेल्या कॉफीवर गरम पाणी ओतलं की वर फेसाची साय धरे. ती चमच्याने मोडायची, नाक खाली नेऊन वास घ्यायचा आणि मग चमचाभर कॉफी अशी जोरात ओढायची, की ती सगळ्या जिभेवर उडाली पाहिजे. चव कळली की पिकदाणीत थुंकायची. गिळायची नाही. मग त्या कॉफीला गुण द्यायचे. बाईंचा भुरका फाटकापर्यंत ऐकू जाई. "लागल्या बाई कामाला," पहारेकरी म्हणे.

"याच आवाजापायी लहानपणी आईचे धपाटे खाल्ले," बाई सांगत. "तिला काय ठाऊक, पोरगी यावरच पोट भरणार आहे!"

जिभेला मात्र त्या फार जपत. कांदा नाही, लसूण नाही, तिखट नाही, अंगाला अत्तर नाही की डोक्याला वासाचं तेल नाही. सुरुवातीला शेजारणी हौसेने जेवायला बोलवायच्या. बाई जायच्या आणि ताटातला पांढरा भात तेवढा चिवडून परत यायच्या. अशा पाहुणीला कोण किती दिवस बोलावणार? बोलावणी आपोआप थांबली. लग्नाचं एकदा जुळत आलं होतं, तेही मागे पडलं ते पडलंच. संध्याकाळी खोलीवर आल्या की त्या स्टोव्हवर भात टाकत आणि खिडकीशी बसून कोमट पाणी पीत. साऱ्या देशाची कॉफी त्यांच्या जिभेवरून गेली होती, पण कुणासमोर बसून कपभर कॉफी निवांत प्यायली, गप्पा झाल्या, असं कधी घडलं नव्हतं.

त्यांचं माहेर डोंगरावर होतं, कॉफीच्याच मळ्यात. मळा म्हणायचा एवढंच; घरामागचा एक उतार आणि त्यावर मोठ्या झाडांच्या सावलीतली झुडपं. वडिलांच्या आणि आजोबांच्या काळी डोंगराडोंगरांवरून पोती बंदरावर जात आणि तिथे सगळ्यांचा मिळून एकच ढीग होई. पोत्यावर शिक्का पडे देशाच्या नावाचा. कुठल्या उतारावर, कुणाच्या हातांनी ती फळं खुडली, हे त्या ढिगात बुडून जाई. चांगला दाणा जहाजात चढे. फुटका, किडका मागे राही आणि तोच भाजून डोंगरावरची माणसं पीत. आपली कॉफी खरी कशी लागते, हे पिकवणाऱ्यांनाच माहीत नव्हतं.

वडिलांमागे मळा धाकट्या भावाने सांभाळला. बाईंचा त्याच्यावर फार जीव. शाळेत जाताना त्याचं दप्तर याच धरत आणि त्याची भांडणंही याच भांडत. तो मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तरी सुट्टी मिळाली की बाई डोंगरावर. पण एका वर्षी कॉफी वाळवायच्या दिवसांतच आभाळ गळू लागलं. ऊन म्हणून पडेना. दाणे बुरसतील या धास्तीने त्याने सगळं पीक चुलीवरच्या माळ्यावर पसरलं आणि नवराबायकोने उलटंपालटं करून ते वाळवलं. कष्टांत कसूर नव्हती. फक्त खालच्या चुलीचा धूर दाण्यांत शिरला.

टेबलावर वाटीला नाव नसतं, नंबर असतो. बाईंनी भुरका मारला, थुंकल्या आणि त्या नंबरापुढे लिहिलं, 'धूर'. पोती परत गेली. नावं उघडल्यावर त्यांना कळलं. त्या तडक डोंगरावर गेल्या.

"नंबर होता रे, नाव नव्हतं," त्या म्हणाल्या.

"आणि नाव असतं तर?" भावाने विचारलं.

बाईंना खोटं बोलता येत नव्हतं. "तरी धूरच लिहिलं असतं."

भाऊ उठून गोठ्याकडे गेला. परत निघताना भावजयीने पिशवीत दोन पपया घातल्या, तेवढंच. त्यानंतर ना त्याचा फोन, ना निरोप. बाईंनीही केला नाही. काय म्हणून करणार? जे लिहिलं ते खरं होतं, आणि खऱ्याची माफी कशी मागतात हे त्यांना माहीत नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग शहरातल्या गिऱ्हाइकांची आवड बदलली. ढिगातली कॉफी त्यांना नको झाली. कुठला डोंगर, किती उंचीवरचा, हे सगळं पाकिटावर हवं. वखारीचे साहेब उत्साहाने सांगू लागले, "बी तेच असलं तरी एका डोंगरावर फळ धुक्यात सावकाश पिकतं, दुसऱ्यावर उन्हात भराभर. चव वेगळी येणारच. मग ती एकमेकांत मिसळून घालवायची कशाला?" पहिलं पाकीट बाईंच्याच माहेरच्या डोंगराचं निघणार होतं. तिथल्या प्रत्येक मळेवाल्याने आपापला नमुना पाठवावा असं ठरलं, आणि बाईंची झोप उडाली. चव घ्यायला ताईच असणार हे भावाला ठाऊक होतं. त्याने नमुना पाठवला, तर तो राग विसरला असं समजायचं.

नमुने चाखायच्या दिवशी बाई एकेक वाटी घेत पुढे सरकत होत्या. टेबलाच्या पार टोकाशी एक चमचा ओढला आणि त्या थांबल्या. नारंगीची साल, तिच्यामागून उकळत्या उसाच्या रसाचा गोडवा आणि शेवटी घरामागच्या उतारावर सकाळी यायचा तो ओल्या पाचोळ्याचा वास. धूर कुठेच नव्हता. बाईंनी पुन्हा एक चमचा घेतला. गिळला.

"बाई, गिळलंत?" शेजारचे चव घेणारे दादा कुजबुजले. वाट्या चालू असताना बोलायचं नाही, हा तिथला नियम.

बाईंनी होकारार्थी मान हलवली आणि गुण लिहिले. जेवढे मनात आले होते, त्याहून दोन जास्त.

नावं दुसऱ्या दिवशी उघडणार होती. पण बाईंना धीर धरवेना. खोलीवर येऊन पदराने घाम टिपत त्यांनी भावाला फोन लावला.

"कोण?"

"मी. ताई."

पलीकडे खाट करकरली. "बोल."

"तुझी कॉफी ओळखली मी. आज टेबलावर. फार सुरेख झालीय रे."

"कुठली कॉफी?"

"तू पाठवलेली."

"मी कशाला पाठवतोय?" भाऊ म्हणाला. "कॉफी कधीच उपटून टाकली. पोती परत आली, त्याच्या पुढच्याच वर्षी. आता केळी आहेत तिथे."

बाई पलंगावर बसल्या. उतारावर केळी लावलेली त्यांना काही केल्या डोळ्यांपुढे आणता येईना.

"मग ती कुणाची?" त्यांनी कसंबसं विचारलं. "मला तर वाटलं, आपल्याच घरात बसलेय."

"सुताराची असेल, खालच्या वळणावरच्या. त्याने बाबांकडून रोपं नेली होती." थोडं थांबून तो म्हणाला, "म्हणजे तुझी जीभ अगदीच काही गेलेली नाही."

"गेलीय," बाई म्हणाल्या. "तुझी समजून मी गुण वाढवले."

 भावजय मागून कुणाचा फोन म्हणून विचारत होती, ते ऐकू आलं.

"किती?" भावाने विचारलं.

"दोन."

"दोनच?" तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं, अगदी लहानपणचं, नाकातून फुटणारं. "इतक्या वर्षांनी पाप करायला बसलीस आणि दोनच गुण? कंजूष आहेस ताई."

"उद्या साहेबांना सांगून कमी करणार आहे."

"करशीलच. तुला दुसरं काय येतंय?" पण आवाजात आता टोचणी नव्हती. मग त्याने उगाच घसा खाकरला. "तिथे सोबतीला कोण असतं?"

"कोणी नाही."

"जेवलीस?"

"अजून नाही."

"जेव मग आधी," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पुन्हा करीन म्हणाला नाही, ये म्हणाला नाही.

बाईंनी फोन बाजूला ठेवला. मग उठून त्यांनी भात टाकला. सकाळी साहेबांना काय सांगायचं, ते तांदूळ धुता धुता त्यांनी दोनदा पुटपुटून पाहिलं. भात शिजेपर्यंत अंधार पडला. भावाने सांगितलं होतं म्हणून त्या रोजच्यापेक्षा थोडं जास्त जेवल्या.